दान म्हणून दिलेला नकाशा

बायबलच्या जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात बांधकामाचा एक नियम आहे. नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला, म्हणजे सपाट छताला, कठडा घाल, नाहीतर वरून कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा त्याचा आशय. त्याच्या आधी घरट्यातल्या पाखरांविषयी सांगितले आहे, नंतर बैल आणि गाढव एका नांगराला जुंपू नये असे सांगितले आहे, आणि मध्येच हा कठडा. त्या काळी लोक धाब्यावर झोपत, तागाच्या पेंढ्या वाळवत, उकाड्यात वर जाऊन बसत. कठडा शोभेसाठी नव्हता. या नियमातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. एक म्हणजे दोष पडणाऱ्याच्या बेसावधपणावर ढकललेला नाही, तो बांधणाऱ्याकडे येतो. दुसरी म्हणजे घर पैसे घेऊन बांधले की प्रेमापोटी बांधून दिले, याची चौकशी हा नियम करत नाही.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि ख्रिस्ती आहे. पोटापाण्याचे काम सांभाळून, सुट्ट्या जमवून, गरीब वस्त्यांसाठी विनामूल्य नकाशे करून देणाऱ्या गटांबरोबर मी काम करते. कोणी आर्किटेक्ट असतो, कोणी सिव्हिलवाला, कोणी इलेक्ट्रिकलचा, एखादा सर्व्हेअर. दवाखाना, शाळा, अनाथ मुलांचे वसतिगृह, पिण्याच्या पाण्याची योजना, सांडपाण्याची व्यवस्था अशी कामे. जगभर हे काम चालते, पण मराठीत त्याविषयी फारसे वाचायला मिळत नाही. शिवाय या कामाबद्दल माझे एक मत वर्षानुवर्षे पक्के होत गेले आहे. ते सांगावे म्हणून लिहायला बसले.

या क्षेत्रातली सर्वांत ओळखीची संस्था म्हणजे इंजिनिअरिंग मिनिस्ट्रीज इंटरनॅशनल. १९८२ साली अमेरिकेत सुरू झाली, मुख्य कार्यालय कोलोरॅडो स्प्रिंग्जला, आणि आता युगांडा, कंबोडिया, भारत अशा देशांतही तिची कार्यालये आहेत. पद्धत साधी आहे. ज्या स्थानिक संस्थेला दवाखाना किंवा शाळा उभारायची आहे तिने बोलवायचे, मग स्वयंसेवकांचा एक गट तिथे जाऊन आठवडा-दोन आठवडे राहतो. जमिनीची मोजणी होते, माती आणि पाणी तपासले जाते, यजमानांशी बसून गरजा समजून घेतल्या जातात, आणि निघण्यापूर्वी आराखडा सर्वांसमोर मांडला जातो. सविस्तर नकाशे परत गेल्यावर पुरे करायचे. प्रवासाचा खर्च स्वयंसेवकांनी स्वतः करायचा किंवा आपापल्या मंडळीकडून, म्हणजे चर्चमधून, गोळा करायचा. कमी-जास्त फरकाने इतर गटही असेच चालतात.

अशा गटांत एक वाक्य अधूनमधून कानावर येते: “सेवेचं काम आहे, थोडं इकडेतिकडे चालतं.” बोलणारा माणूस वाईट नसतो. दिवसभर उन्हात टेप धरून थकलेला असतो. पण हे वाक्य ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो, कारण खरी परिस्थिती नेमकी उलटी आहे. पैसे देऊन करून घेतलेल्या कामावर किती नजरा असतात ते पाहा. मालकाचा सल्लागार आकडेमोड तपासतो, नगरपालिकेत नकाशा अडतो, ठेकेदाराचा इंजिनिअर शंका काढतो, बँकेला कागद लागतात, आणि काही चुकले तर कोर्ट असते. विनामूल्य कामावर यातली एकही नजर नसते. ज्यांना नकाशा मिळतो ते उपकृत असतात, आणि उपकृत माणूस प्रश्न विचारत नाही. “बीम एवढाच का? टाकी इथेच का?” असे तो म्हणणार नाही, तो आभार मानेल आणि बांधायला घेईल. शिवाय त्याच्याकडे पैसा एकदाच येतो. श्रीमंताची इमारत गळली तर दुरुस्त होते. गरिबाचा दवाखाना गळला तर तो वीस वर्षे गळत राहतो. म्हणून फुकट दिलेला नकाशा पैसे घेऊन दिलेल्या नकाशापेक्षा कडक तपासला पाहिजे. बाकीच्या सगळ्या नजरा तिथे नसतात, त्यांची भरपाई आपणच करायची असते.

बायबलमधली नहेम्याची गोष्ट मी नव्या स्वयंसेवकांना आवर्जून वाचायला सांगते. यरुशलेमेचा पडलेला कोट पुन्हा बांधायचा म्हणून तो राजाची पत्रे घेऊन येतो. तिथे पोहोचल्यावर तीन दिवस तो काहीच बोलत नाही. मग रात्री उठतो, थोडीच माणसे बरोबर घेतो आणि जनावरावर बसून कोटाभोवती फिरतो; कुठे भिंत ढासळली आहे, कुठे वेशी जळाल्या आहेत ते पाहतो. एके ठिकाणी राडारोडा इतका असतो की जनावराला पुढे जायला वाट नसते. आपल्या मनात काय आहे ते त्याने तोवर कोणालाच सांगितलेले नसते. पाहणी झाल्यावरच तो लोकांपुढे बोलतो, आणि बोलतो तेही “आपण बांधू” असे. पुढचा अख्खा अध्याय कोणी कुठला भाग बांधला याची यादी आहे: सोनार, सुगंधी द्रव्ये करणारे, एका अधिकाऱ्याच्या मुली, आपापल्या घरासमोरचा तुकडा बांधणारी कुटुंबे. साइटची पाहणी कशी करावी याचे याहून चांगले वर्णन मला कुठे सापडलेले नाही.

आता प्रत्यक्ष पाहणी म्हणजे काय, तर पुष्कळदा नुसते बसून राहणे. पाणी मुरण्याच्या चाचणीचे उदाहरण घ्या. सेप्टिक टाकीतून बाहेर पडणारे पाणी शोषखड्ड्यात किंवा चरांत सोडायचे असेल तर तिथली जमीन ते किती वेगाने पिते हे कळायला हवे. त्यासाठी एक लहान खड्डा खणतात, तळाला थोडी खडी पसरतात, आणि तो आधी पाण्याने भरून रात्रभर भिजू देतात. कोरड्या जमिनीची पहिली तहान खोटे उत्तर देते, म्हणून. दुसऱ्या दिवशी ठरावीक उंचीपर्यंत पाणी भरायचे आणि दर अर्ध्या तासाने पट्टीवर पातळी वाचायची. सलग दोन वाचने सारखी येईपर्यंत जागचे हलायचे नाही. वाळूची जमीन असेल तर पाणी झरझर उतरते आणि घाण न गाळताच भूजलात पोहोचते. चिकणमाती असेल तर ते मुरतच नाही आणि पावसाळ्यात संडासांभोवती तळे साचते. दोन्ही वाईट. एका ठिकाणी मी अशीच खड्ड्याशेजारी बसले होते तेव्हा एक वयस्कर गवंडी येऊन उभे राहिले. आम्ही काय करतोय ते त्यांनी समजून घेतले आणि म्हणाले, “बाई, हे आत्ताचं झालं. पावसाळ्यात इथं हात घातला तरी पाणी लागतं.” त्या एका वाक्याने शोषखड्ड्यांची जागा बदलली आणि ते जमिनीच्या वर, भराव घालून करायचे ठरले. उन्हाळ्यातली चाचणी जमिनीबद्दल अर्धेच सांगते. उरलेले अर्धे तिथे आयुष्य काढलेल्या माणसाकडे असते, आणि ते मिळवायचे तर तिथे बसावेच लागते.

मदतकार्याचे ‘स्फिअर’ नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. संडासाचा खड्डा पाण्याच्या स्रोतापासून किमान ३० मीटर लांब असावा आणि त्याचा तळ भूजलाच्या पातळीपेक्षा किमान दीड मीटर वर असावा, असे ते सांगतात. हा आकडा पाठ असलेले अनेक जण भेटतात. खाली भेगाळलेला खडक असेल तर ३० मीटर पुरत नाहीत, हे मात्र आकड्याच्या पुढे जाऊन वाचणाऱ्यालाच माहीत असते.

सांडपाण्याच्या बाबतीत मी इतकी हट्टी का, याचे उत्तर हैतीत आहे. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर तिथे जगभरातून मदत आली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कॉलऱ्याची साथ पसरली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या मिरबाले गावाजवळच्या तळावरची घाण एका ओढ्यात गेली, तिथून आर्टिबोनिट नदीत, आणि नदीचे पाणी लोक पीत होते. सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी हैतीच्या जनतेची जाहीर माफी मागितली. तो तळ कुठल्या ख्रिस्ती संस्थेचा नव्हता, पण मदतीला गेलेल्या प्रत्येकाने ही घटना मनात कोरून ठेवावी अशी आहे. तिथे लागत होता तो एक नीट बांधलेला, नीट उपसला जाणारा हौद.

आणि भूकंप. हैतीचा भूकंप ७.० तीव्रतेचा होता, त्यात लाखाहून अधिक माणसे मेली. पुढच्याच महिन्यात, २७ फेब्रुवारीला, चिलीत ८.८ चा भूकंप झाला. त्यातून बाहेर पडलेली ऊर्जा साधारण पाचशेपट होती, आणि बळी गेले सुमारे पाचशे. भूकंपाचे केंद्र, त्याची खोली, शहरापासूनचे अंतर हे सगळे फरक जमेस धरले तरी मोठा फरक बांधकामाचा होता. १९६० च्या महाभूकंपाचा अनुभव असलेल्या चिलीत नियम होते आणि ते पाळले जात होते. हैतीत पोकळ ठोकळ्यांच्या भिंतींवर जड स्लॅब, गुळगुळीत सळया, कमी सिमेंटचे काँक्रीट, आणि कॉलममध्ये रिंगा नावापुरत्या. शाळा पडल्या, दवाखाने पडले, पोर्ट-ओ-प्रिन्सचे कॅथेड्रल पडले. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर दगडमातीच्या घरांवर आणि जड माळवदांवर सगळा दोष टाकला गेला, आणि काँक्रीट म्हणजे सुरक्षित असा समज घट्ट झाला. हैतीतली घरे काँक्रीटचीच होती. माल कुठलाही असो, तो कसा बांधला आहे हे विचारावेच लागते.

रिंगेबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण माझ्या सगळ्या म्हणण्याचा तो गाभा आहे. कॉलममधल्या उभ्या सळयांना ठरावीक अंतरावर आडव्या रिंगा असतात. भूकंपात कॉलम पुढे-मागे हलतो, बाहेरचे काँक्रीट निखळते, आणि उघड्या पडलेल्या उभ्या सळया वाकून बाहेर यायला बघतात. त्यांना आत धरून ठेवणारी आणि मधल्या काँक्रीटला फुटू न देणारी एकच गोष्ट असते, ती ही रिंग. रिंगेची दोन टोके जिथे मिळतात तिथे ती काटकोनात दुमडली असतील तर बाहेरचे काँक्रीट गेले की रिंग उघडते आणि सळयांवरची पकड सुटते. तीच टोके १३५ अंशांत, कॉलमच्या पोटात शिरतील अशी वळवली तर रिंग धरून राहते. फरक आहे तो टोक आणखी थोडे वळवण्याचा आणि बोटभर जास्त लोखंडाचा. पण काटकोनातली रिंग सळयांवर चढवायला सोपी जाते, म्हणून सळया बांधणारा फिटर तीच करतो. एकदा काँक्रीट ओतले की कोणाला काही दिसत नाही. मी नकाशावर रिंगेच्या टोकाची ही आकडी मोठी करून, स्वतंत्र चौकटीत काढते. शक्य असेल तिथे नमुन्याची एक रिंग स्वतः वाकवून दोरीने भिंतीला टांगून ठेवते, म्हणजे भाषा वेगळी असली तरी बघून करता येते. जोडाजवळ रिंगा दाट, मध्ये थोड्या विरळ, हेही तिथेच खडूने लिहिते. प्रार्थना करून काम सुरू करणाऱ्या गटाने ही आकडी दुर्लक्षिली तर त्या प्रार्थनेचे काय करायचे, मला कळत नाही. शेजाऱ्यावर प्रीती करायची असेल तर ती अशा जागीही करावी लागते, जी काँक्रीट पडल्यावर कोणाला दिसणार नाही.

इमारत उभी राहिली म्हणजे ती चांगली झाली असेही नाही. एका मिशन दवाखान्याच्या प्रसूती विभागाचे काम होते. आमच्यातल्या आर्किटेक्टने तिथल्या वरिष्ठ परिचारिकेला, सगळे त्यांना सिस्टर म्हणत, विनंती केली की तुमची रात्रपाळी आम्हाला चालून दाखवा. सिस्टर चालू लागल्या आणि आम्ही वह्या घेऊन मागे. टेबलापासून प्रसूतीच्या खोलीपर्यंत, तिथून वॉर्डात, औषधाच्या कपाटाकडे, परत. वाटेत एका ठिकाणी त्या थांबल्या: “इथे रात्री नातेवाईक झोपतात. स्ट्रेचर आलं की आधी त्यांना उठवावं लागतं.” पुढे दोन पायऱ्या होत्या. “इथे मी स्ट्रेचरची पुढची बाजू उचलते.” आणि शेवटी, हळूच: “बाथरूमला जायला बायकांना अंगणातून जावं लागतं. बाळंत झाल्यावर पहिल्या रात्री. पाऊस असला तरी.” त्या फेरीतून जो आराखडा निघाला त्यात सिस्टरचे टेबल वॉर्ड आणि प्रसूतीची खोली दोन्ही दिसतील अशा कोपऱ्यात गेले, पायऱ्यांच्या जागी उतार आला, बाथरूम वॉर्डाला जोडून आले, आणि नातेवाइकांसाठी नळ व संडास असलेला वेगळा ओटा आला. ओट्याचा खर्च बघून देणगीदारांच्या बाजूने कोणीतरी विचारले, हा दवाखान्याचा भाग आहे का. सिस्टर म्हणाल्या, “त्यांच्याशिवाय दवाखाना चालतच नाही.” विषय तिथे संपला.

खिडक्यांचे गणितही त्याच आठवड्यात झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शनानुसार नैसर्गिक वायुवीजनावर चालणाऱ्या साध्या वॉर्डात दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर हवा खेळायला हवी, आणि हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या रुग्णांसाठी १६०. पंखे-यंत्रे न लावता हे साधायचे तर समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या, उंच छत आणि वाऱ्याची दिशा यांवरच भिस्त. जुन्या मिशन दवाखान्यांचे लांब, अरुंद, उंच वॉर्ड बघितले की हे त्यांना आकड्यांशिवायही समजले होते असे वाटते.

लॉरी बेकर यांचे नाव या विषयात घेतल्याशिवाय मला राहवत नाही. बर्मिंगहॅमला आर्किटेक्चर शिकलेले, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे बेकर १९४५ मध्ये कुष्ठरोग्यांमध्ये काम करणाऱ्या एका मिशनसाठी भारतात आले. कुष्ठरोगावर औषधे येऊ लागली होती आणि जुन्या कोंडवाड्यांसारख्या आश्रमांचे खऱ्या दवाखान्यांत रूपांतर करायचे होते. इथे आल्यावर त्यांच्या लक्षात आले की इथली माती, इथला दगड, इथली वाळवी, इथला पाऊस यांबद्दल कॉलेजात काहीच शिकवलेले नव्हते. मग ते गवंड्यांकडून शिकले. डॉक्टर पत्नी एलिझाबेथ यांच्यासोबत पिठोरागढच्या डोंगरात त्यांनी सोळा वर्षे काढली, १९६३ मध्ये केरळात गेले, आणि पुढे मच्छीमारांच्या वस्त्यांपासून तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजपर्यंत बांधत राहिले. १९८९ मध्ये त्यांना भारताचे नागरिकत्व मिळाले, २००७ मध्ये ते गेले. घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या मालातून बांधावे हे गांधीजींचे म्हणणे त्यांनी आयुष्यभर सांभाळले.

बेकरांच्या घरांना लोक ‘स्वस्त’ म्हणतात तेव्हा मला ते अपुरे वाटते. त्यांच्या रॅट-ट्रॅप बाँड या वीटकामाच्या पद्धतीत विटा उभ्या कडेवर ठेवतात, मध्ये पोकळी राहते, आणि साधारण पाव हिस्सा विटा वाचतात. त्यांचा फिलर स्लॅब घ्या: स्लॅबचा खालचा भाग ताणात असतो, आणि काँक्रीट ताण घेत नाही, तो सळई घेते. मग तिथले निरुपयोगी काँक्रीट काढून सळयांच्या जाळीत मंगलोरी कौले बसवली. काँक्रीट वाचले, वजन कमी झाले, आत उकाडाही कमी. यातली प्रत्येक बचत गणित समजून केलेली आहे. सिमेंट कमी टाकून केलेली बचत आणि ही बचत यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गरिबासाठी बांधणारा माणूस किती बुद्धिमान असावा लागतो, याचे बेकर हे माझ्यासाठी सर्वांत मोठे उदाहरण.

बांधून दिलेली गोष्ट मागे टिकते का हाही प्रश्न आहे. मराठवाड्यातल्या जालन्यात स्कॉटलंडच्या चर्चच्या मिशनने १९६० च्या दशकात दुष्काळी खेड्यांसाठी बोअर पाडायला घेतले. बोअर पाडणे जमले, पण वरचे हातपंप टिकेनात. हे ओतीव लोखंडाचे पंप परदेशातल्या एखाद्या शेतघरासाठी, एका कुटुंबापुरते केलेले. इथे एकेका पंपावर सकाळपासून रात्रीपर्यंत अख्खे गाव. दांड्याच्या पिना झिजायच्या, दांडा मोडायचा, आणि पंप गंजत उभा. त्या अडचणीतून जालना पंप निघाला, मग सोलापूर पंप. तो एका स्वशिक्षित मेकॅनिकने घडवला असे त्याच्या इतिहासात नोंदले आहे. ओतीव लोखंडाऐवजी वेल्डिंगचे पोलाद, दांडा एकाच खिळीवर, तिथे बंद बॉल बेअरिंग, आणि आतला दांडा सरळ वर-खाली जावा म्हणून साखळी. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारत सरकार आणि युनिसेफ यांनी सोलापूरच्या नमुन्यावरून ‘इंडिया मार्क टू’ हा प्रमाणित पंप तयार करवला, आणि पुढे तो आफ्रिकेतही मोठ्या प्रमाणावर बसला. आपण सगळ्यांनी तो पाहिला आहे, बहुतेकांनी त्याचे पाणीही प्यायले आहे. या गोष्टीत मिशनने केलेली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे मोडलेल्या पंपाकडे परत परत जाणे. उद्घाटनाचा फोटो काढून ते निघून गेले असते तर हा पंप जन्मालाच आला नसता.

आता दोन आक्षेप, जे मला नेहमी ऐकावे लागतात. पहिला विमानाच्या तिकिटांचा: एवढ्या खर्चात स्थानिक गवंड्यांना किती दिवस मजुरी देता आली असती? आक्षेप खरा आहे. भिंत रंगवायला समुद्रापलीकडून माणसे नेऊ नयेत. रंगवणारे तिथे असतात आणि त्यांना कामाची गरज असते. जे कौशल्य तिथे मिळतच नाही तेवढ्यासाठीच जावे, आणि जाताना ते शिकवून येण्याची तयारी ठेवावी. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही संस्था मिलर्ड आणि लिंडा फुलर यांनी १९७६ मध्ये सुरू केली तीही ख्रिस्ती श्रद्धेतूनच. जिमी कार्टर हातोडा घेऊन तिच्या कामावर जात. २००६ मध्ये ते लोणावळ्याजवळ शंभर घरांच्या कामाला आले होते. फोटो हातोड्यांचे छापून आले. मला मोठी वाटते ती तिच्या मूळ योजनेतली हिशेबाची बाजू: घर फुकट नाही, कुटुंब स्वतः श्रम करते, नफा आणि व्याज न लावता हप्ते फेडते, आणि त्या हप्त्यांतून पुढचे घर उभे राहते. घेणारा तिथे याचक राहत नाही, त्याला भिंतीबद्दल प्रश्न विचारण्याचा हक्क मिळतो.

दुसरा आक्षेप धर्माचा. यामागे धर्मांतर आहे का? मला हा प्रश्न टाळायचा नाही. मदत हे आमिष असेल तर ती मदत नव्हे, आणि तसे करणाऱ्याने ख्रिस्ताचे नाव घेऊ नये, असे मी माझ्या मंडळीतही उभी राहून सांगितले आहे. १९९४ च्या रेड क्रॉस आणि रेड क्रिसेंटच्या आचारसंहितेत दोन गोष्टी स्पष्ट आहेत: मदत घेणाऱ्याचा वंश, पंथ, राष्ट्रीयत्व पाहायचे नाही, आणि मदतीचा वापर एखादा राजकीय वा धार्मिक विचार पुढे रेटण्यासाठी करायचा नाही. अनेक ख्रिस्ती संस्थांनी तिच्यावर सही केली आहे. माझी श्रद्धा मला तिथे घेऊन जाते, हे मी लपवत नाही. पण पाण्याची टाकी कुठे ठेवायची हे उतार ठरवतो, आणि नळ सगळ्या वस्तीला जवळ पडेल तिथे यावा लागतो.

येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात वाटेत लुटून जखमी टाकलेल्या माणसाला एक परका प्रवासी मदत करतो; त्यातला एक भाग प्रवचनांत लवकर उरकला जातो. जखमा बांधून झाल्यावर तो त्या माणसाला उतारशाळेत पोहोचवतो, दुसऱ्या दिवशी रखवालदाराला दोन दीनार देतो आणि म्हणतो, याची काळजी घे, जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन. परत येण्याचे त्याने गृहीत धरलेले आहे. आमच्या क्षेत्रात परत जाण्यासाठी पैसा मिळवणे सर्वांत कठीण. नव्या इमारतीला देणगीदार मिळतात, पाच वर्षांनंतरच्या तपासणीला नाही. मग कुठल्या खिडकीच्या कोपऱ्यात तडा गेला, कुठला उतार निसरडा झाला, कुठली खोली ज्या कामासाठी काढली होती ती त्या कामाला वापरलीच गेली नाही, हे नकाशा काढणाऱ्याला कधी कळत नाही आणि पुढच्या नकाशात तेच पुन्हा येते.

एक गोष्ट मात्र बदलते आहे आणि तिने मला फार आनंद होतो. स्थानिक तरुण इंजिनिअर आता या गटांत आहेत, काही ठिकाणी गट तेच चालवतात. त्या प्रसूती विभागाच्या वेळी एक मुलगी नुकतीच पदवी घेऊन आमच्याबरोबर टेप धरायला आली होती. आता ती त्याच भागात स्वतः काम घेते, तिथले नियम आणि तिथले ठेकेदार माझ्यापेक्षा कितीतरी चांगले जाणते, आणि माझ्या नकाशांवर लाल पेनाने प्रश्न लिहून पाठवते. “ही सळई इथे मिळत नाही, बदलू का?” “पाण्याची गाडी इथवर येत नाही, टाकी रस्त्याकडे घेऊ?” तिचे प्रश्न वाचून मी गणित पुन्हा मांडते.

आमच्या मंडळीच्या पंचांपुढे मी एक प्रस्ताव ठेवला आहे: बांधकामासाठी जमणाऱ्या प्रत्येक देणगीतले शंभरातले पाच बाजूला काढायचे, आणि ते फक्त परत जाऊन तपासण्यासाठी व दुरुस्तीसाठी वापरायचे. खजिनदारांनी विचारले, खात्यावर नाव काय लावू? मी सांगितले, ‘देखभाल व फेरतपासणी’. वार्षिक सभेत त्यावर मत घेतले जाईल. मंजूर झाले तर पहिली तपासणी त्या प्रसूती विभागाची व्हावी अशी माझी मागणी आहे. तिथल्या सेप्टिक टाकीतला गाळ मोजायची वेळ झाली आहे आणि ओट्याकडचा नळ गळतो असे सिस्टरनी कळवले आहे. अहवाल तीच तरुण इंजिनिअर लिहिणार आहे, आणि सही तिची असेल.